मुद्देमालातली चप्पल

कोरोनात विमानं बंद झाली आणि उन्हाळ्यापुरते आलेले बाबा नेदरलँड्समधल्या न्यूनेनमध्ये आमच्याकडेच अडकले. ते तालुक्याच्या कोर्टात मॅजिस्ट्रेट होते. घरात त्यांनी कधी पत्ते येऊ दिले नव्हते.

त्या दिवाळीला कुणाला बोलावायची सोय नव्हती. लक्ष्मीपूजन झाल्यावर माझ्या मुलीने पत्ते काढले. पैशांऐवजी पेपरनोटन, म्हणजे या दिवसांत इथल्या दुकानांत येतात ती मसाल्याची बारकी बिस्किटं.

"आजोबा, यू प्लेइंग?"

मी दटावणार तोच बाबा खुर्ची ओढून बसले. "पत्ते वाट. घरात खेळणं गुन्हा नाही. अड्डा चालवणं गुन्हा."

"अड्डा म्हणजे?"

"तुझ्या बाबाला विचार."

मी बिस्किटं मोजायला घेतली.

कॉलेजात असताना गावातल्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानामागे आम्ही तीन पत्ती खेळायचो. धाड पडली तेव्हा मी खिडकीतून पळालो. मित्र सापडला, पण त्याने माझं नाव घेतलं नाही. केस बाबांपुढेच आली. त्याने गुन्हा कबूल केला, बाबांनी दंड केला आणि त्या शिक्षेपायी त्याची पोलीस भरती हुकली. मी इंजिनियर होऊन इकडे आलो. गावी गेलो की त्याने पुढे टाकलेल्या दुकानावरून जायचं टाळत राहिलो.

मुलगी स्वयंपाकघरात गेली तेव्हा म्हणालो, "बाबा, त्या धाडीत मीही होतो."

"माहीत आहे. मुद्देमालात पत्ते होते, पैसे होते आणि एक बेवारस चप्पल. तिचा अंगठा मीच शिवून आणला होता. फौजदार हसून म्हणाला, साहेब, एक पाखरू उडालं."

मी पत्ते गोळा करायला लागलो.

"चप्पल कुणाची ते सांगून केस दुसऱ्या कोर्टाकडे पाठवायची, हे माझं काम होतं. ते केलं नाही. तो पोरगा म्हणत होता, भरतीचा फॉर्म भरलाय, समज देऊन सोडा. कायद्यात बसत होतं रे. पण लोक विचारतील, का सोडला? भ्यालो मी." ते बिस्किटं डब्यात भरत राहिले. "नंबर आहे त्याचा?"

होता. कधी लावला नव्हता.

"उद्या लाव. आधी तू बोल."

सकाळी लावला. धाडीत मीही होतो, हे माझं चाचरत बोलणं त्याने मध्येच तोडलं. "अरे, मला काय सांगतोस? मांडीला मांडी लावून बसला होतास माझ्या!"

आम्ही दोघंही हसलो. मग मी भरतीचं काढलं.

"पोराला सांगतो मी, उंचीत बसलो नाही म्हणून," तो म्हणाला.

यावर मी माफी मागितली. फार पोकळ वाटली. म्हटलं, बाबांना बोलायचंय, आणि फोन त्यांच्या हातात दिला.

"साहेब?" तिकडून आवाज आला.

बाबा खुर्चीतून उठून उभे राहिले.