खोली नंबरवरून ओढलेल्या रेघा

पवईच्या त्या लॅबमध्ये मला मिळालेलं पहिलं काम इतकं सोपं होतं की मी घाबरले. वाटलं, यात काहीतरी मेख असणार आणि ती फक्त मलाच दिसत नाहीये. मेख होती. पण ती दिसायला मला दोन महिने लागले, आणि तीही आईने दाखवली.

मी तेव्हा कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. सहा महिन्यांच्या इंटर्नशिपसाठी दोघांना घेतलं होतं, एक मी आणि एक दुसऱ्या कॉलेजचा मुलगा. दोन महिन्यांनी आमच्यातल्या एकाला वर्षभरासाठी ठेवणार होते. ती जागा मला हवी होती. हे मी तिथे कोणाला बोलून दाखवलं नाही, पण लोकलने कांजूरमार्गला उतरून पुढे बसने जाताना रोज तेच मनात असायचं.

लॅबचा विषय टीबीचा होता. दवाखान्याकडे तपासणीला माणसं मोजकी आणि वस्ती मोठी. मग आधी कोणाच्या दारात जायचं? त्यासाठी माणसांचा ग्राफ काढायचा. प्रत्येक माणूस एक ठिपका. ज्यांचा रोजचा संबंध येतो त्यांच्यात रेघ. एकदा रेघा ओढल्या की अल्गोरिदम सांगतो, कोणत्या ठिपक्यांकडून आजार पुढे जायची भीती जास्त आहे. तो नुसता जास्त रेघांचा ठिपका शोधत नाही. दोन वेगळ्या घोळक्यांना जोडणारा एखादाच ठिपका असतो, तो त्याला जास्त महत्त्वाचा वाटतो. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा फार आवडलं होतं.

अल्गोरिदम आमच्या सीनियरचा होता. तो लॅबच्या प्रमुख मॅडमकडे पीएचडी करत होता, सांगलीकडचा, मी त्याला दादा म्हणायचे. माझं काम फक्त रेघा ओढायचं. एका दूरच्या वस्तीची यादी होती, नावं पुसलेली. वय, आजार आहे की नाही, आणि खोली नंबर. एका खोलीतल्या सगळ्यांमध्ये जाड रेघ, शेजारच्या खोलीशी बारीक रेघ. मी तीन दिवसांत प्रोग्रॅम लिहिला. दादाने तपासला आणि "झकास" म्हणाला. त्या एका शब्दावर मी आठवडाभर खूश होते.

दादाचा पेपर शुक्रवारी जाणार होता. नुसत्या रेघा मोजायच्या जुन्या पद्धतीपेक्षा त्याची पद्धत किती सरस, हे दाखवणारा त्यातला निकालाचा तक्ता माझ्या ग्राफवर उभा होता.

त्याआधीच्या रविवारी मी लॅपटॉप घरी उघडून आईला दाखवला. आमचं घर मुलुंडला, डोंगराच्या उतारावर. आई आमच्याच वस्तीत आरोग्य सेविका आहे. टीबीच्या गोळ्या वेळेवर घेतायत का, हे बघायला ती दारोदार फिरते.

"ही काय रांगोळी काढलीस?"

"आई, हा एक ठिपका म्हणजे एक माणूस. एका खोलीतली माणसं जोडलीत."

स्क्रीनवर गुच्छ दिसत होते, वाळत घातलेल्या पापडांसारखे सुटे सुटे. आईने चष्मा लावून बघितलं.

"आपल्या वस्तीचं काढलं असतंस, तर स्वतःला कुठे टाकलं असतंस?"

"आपल्याच खोलीत. दुसरं कुठे?"

आई हसायलाच लागली. "अगं येडे, चार वर्षं काकूंकडे झोपलीस तू. विसरलीस?"

मी विसरले नव्हते. गावाहून मामा कामाला आले, तेव्हा आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत सहा जण झाले. तेव्हापासून जेवण झालं की पुस्तकं घेऊन मी दोन गल्ल्या खाली काकूंकडे जायचे. त्या मालवणच्या, एकट्याच राहायच्या. दारातच म्हणायच्या, "इलंस गो बाय?" दहावी, बारावी मी त्यांच्याकडेच झोपून काढली. टीबी हवेतून पसरतो. बंद खोलीत एकत्र काढलेले आठ तास सगळ्यात धोक्याचे. रेशनकार्डावर मी आमच्या खोलीत होते आणि ते आठ तास काकूंच्या.

मला हे माहीत नव्हतं असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. तेच वाईट वाटत होतं. लॅबमधल्या बाकी कोणी अशा खोलीत दिवस काढले नव्हते. मी काढले होते, आणि तरी खोली नंबर बघून रेघा ओढत सुटले.

"आई, असे किती जण असतील आपल्या गल्लीत?"

"गोळ्या कोणाच्या चालू आहेत ते विचारू नकोस. ते मी तुला आजवर सांगितलं नाही, पुढेही सांगणार नाही. झोपायचं विचार."

नावं न घेता तिने सांगितलं. एका घरात थोरल्याचं लग्न झालं, तेव्हापासून त्याचे आईबाप लेकीकडे झोपायला जातात. दोघे भाऊ दुकानाच्या माळ्यावर. तीन पोरं बुद्धविहाराच्या ओसरीत. मी वहीत ठिपके मांडत गेले आणि रेघा दोन-दोन, तीन-तीन गल्ल्या ओलांडून जायला लागल्या. सुटा असा गुच्छ एकही उरला नाही. तेवढ्याच ग्राफवर दादाचा अल्गोरिदम चालवून बघितला. चार वर्षांपूर्वीची मी त्यात होते. खोली नंबरवरून मी कुठेतरी मागे होते. झोपायच्या जागेवरून पहिल्या पाचात आले.

सोमवारी दादाला सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं.

"बरोबर आहे गं. पण यादीत झोपायचा कॉलमच नाही ना? आहे त्याच्यावरच करणार आपण. मर्यादांमध्ये एक वाक्य टाकू."

"एका वाक्याने होईल?"

"शुक्रवारी पेपर जायचाय यार. आणि निवडीच्या आठवड्यात स्वतःचंच काम मॅडमसमोर पाडणार तू?"

तो वाईट हेतूने बोलला नव्हता. मलाच ते बोलणं सोयीचं वाटलं. मंगळवारी मी गप्प राहिले. संध्याकाळी घरी आले तर आई पिशवी खांद्याला लावून वरच्या गल्लीतून उतरत होती, भिंतीला हात टेकत. गुडघे दुखतात तिचे. उद्या अशीच यादी तिच्या हातात पडली, तर यादीत लिहिलेल्या दारापर्यंत ती चढणारच. आणि खोकणारा माणूस तिसऱ्याच दाराआड असेल. तेव्हा माझं ठरलं.

बुधवारच्या मीटिंगमध्ये हात वर केला. इंग्रजीची दोन वाक्यं पाठ करून गेले होते, ती संपल्यावर अडकले. मॅडम म्हणाल्या, "मराठीत बोल." मग मी सगळं सांगितलं, काकूंच्या खोलीसकट. दादा टेबलाकडे बघत होता.

"हे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?" मॅडमनी विचारलं.

"हो मॅडम. पण असलं काही माहितीत धरतात, हे माहीत नव्हतं."

त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. मग दादाला म्हणाल्या, "यादीतली काही माणसं मुद्दाम दुसऱ्या खोल्यांत हलव. तक्ता टिकतो का बघ."

थोडी हलवली तोवर टिकला. आणखी हलवली तसा दादाच्या पद्धतीचा फायदा कमी होत गेला, आणि शेवटी जुन्या पद्धतीत आणि तिच्यात फरकच राहिला नाही. पेपर शुक्रवारी गेला नाही. दादा दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "वाट लावलीस." आणि त्यानेच मला माझा कोड कसा बदलायचा ते दाखवलं.

वर्षभराची जागा त्या मुलाला मिळाली. मॅडमनी मला बोलावून समोर बसवून सांगितलं. "त्याचं काम पूर्ण आहे. तुझं आत्ता सुरू झालंय. चार महिने आहेत तुझ्याकडे. काय विचारायला हवं, तो फॉर्म तू तयार कर. पुढच्या वेळी परत अर्ज कर." मी "हो" म्हणाले. बसमध्ये रडू आलं, ते आवरलं नाही. पण मुलुंडला पोहोचेपर्यंत पहिला प्रश्न सुचला होता.

तो आईने खोडला.

"'रात्री कुठे झोपता?' असं तोंडावर विचारलंस तर दार लावून घेतील. घरात सून असताना असं विचारतात होय?"

"मग काय विचारू?"

"अंथरुणं किती घालता विचार. आणि बाहेरून कोणाचं येतं का. ते सांगतात बायका."

मी तसंच लिहिलं आणि आधी आमच्याच गल्लीत विचारून बघायचं ठरवलं. आईला सोबत येऊ दिलं नाही. ती असली की लोक तिला हवं तेच सांगतील असं वाटलं. गल्लीच्या टोकाच्या दारात एक ताई तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी हे कशासाठी आहे ते सांगितलं, नाव लिहिणार नाही हेही सांगितलं, आणि विचारलं.

त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली आणि मध्येच थांबल्या.

"कधीची सांगू गं? रोजची, का नवऱ्याला रात्रपाळी असते त्या आठवड्यातली? तेव्हा माझ्या बहिणीची पोरं असतात."

फॉर्मवर त्यासाठी जागा नव्हती. मी कागद गुडघ्यावर ठेवला, पेनाने मधोमध एक उभी रेघ मारली आणि म्हणाले, "दोन्ही सांगा ताई. आधी रोजची."