क्लेमचे नवे केस आणि झाडावरचा सार्जंट

क्लेम पास्कोचे केस त्याला सोडून गेले ते भांडून नव्हे. अगदी सभ्यपणे, एकेक करून निरोप घेत गेले. आधी कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतले गेले, मग टाळूवरचे. कानांवरचे तेवढे मागे राहिले, मोडकळीला आलेल्या घरात हट्टाने राहणाऱ्या भाडेकरूंसारखे. आणि मधोमध एक विरळ पट्टा, पाऊस चुकलेल्या वर्षी बिरांगी गावाच्या आसपासची कुरणं दिसतात तसा. क्लेमने या सगळ्यावर एकच उपाय केला होता. टोपी.

टोपी रुंद काठाची, सशाच्या लोकरीची, तपकिरी. बिरांगीचं ऊन असं, की टोपी घालणाऱ्या पुरुषाकडे कोणी बघत नाही, न घालणाऱ्याला मात्र औषधाच्या दुकानातली पोरगीसुद्धा दटावते. त्यामुळे क्लेमची लाज आरोग्याच्या नावाखाली सुखाने नांदत होती. त्याने आयुष्यभर डेअरीचा टँकर चालवला. शेताशेतांवरून दूध गोळा करताना गायींनी त्याला टोपीत पाहिलं, गायींच्या मालकांनीही टोपीतच पाहिलं. बायको शर्ली होती तोवर घरी टोपी निघायची, कारण ती जेवणाच्या टेबलावर टोपी चालू द्यायची नाही. ती गेल्यावर तेही राहिलं.

निवृत्त झाल्यावर घरात बसून त्याने आधी टोस्टर दुरुस्त केला, जो बिघडला नव्हता. मग बिघडलेला टोस्टर फेकून नवा आणला. शेवटी बहिणीने त्याला हाताला धरून शाळेत नेलं आणि रस्ता ओलांडून देणाऱ्याची नोकरी मिळवून दिली. नारिंगी जाकीट, हातात लांब काठीवरचा लॉलीपॉपसारखा गोल फलक. टँकर चालवताना ज्या माणसाला मेंढरंसुद्धा वाट देत नसत, त्याच्या एका हाताच्या इशाऱ्यावर आता लाकडाचे ट्रक थांबू लागले. क्लेमची छाती दोन बोटं पुढे आली ती पुन्हा मागे गेली नाही.

त्या रस्त्याच्या कडेला एक जुनं निलगिरीचं झाड होतं आणि त्या झाडावर सार्जंट राहायचा.

सार्जंट हा मॅगपाय. काळापांढरा, कावळ्याएवढा, गळा गोड आणि स्वभाव फौजदाराचा. सप्टेंबरात, म्हणजे इथल्या वसंतात, घरट्यात पिल्लं असली की हा पक्षी येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोक्यावर मागून झडप घालतो. पहिल्या वसंतात सार्जंटने क्लेमच्या टोपीला अशी टोच मारली की टोपी रस्त्याच्या पलीकडे गेली आणि क्लेम तिच्या मागे. तेव्हा हिरवळीवर गोळे घरंगळवायच्या बोलिंग क्लबातल्या एका म्हाताऱ्याने त्याला सांगितलं, "पळू नकोस. तो माणसं ओळखून ठेवतो. टोपी काढून समोर उभा राहा, नीट बघू दे त्याला. थोडा खिमा दे. एकदा का ओळख पटली की जन्मभर त्रास देणार नाही."

क्लेमने तसंच केलं. तेव्हापासून रोज सकाळी आठला, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, तो झाडाखाली जायचा, टोपी काढायचा आणि कमरेतून वाकून डोकं दाखवायचा. सार्जंट फांदीवरून मान वाकडी करून ते नीट तपासायचा, खाली उतरून खिमा खायचा आणि दिवसभराची परवानगी द्यायचा. मग टोपी घातली तरी चालायची. क्लेमबरोबर जे चालतील त्यांनाही तो हात, म्हणजे चोच, लावायचा नाही. शेजारच्या गावात पोरं डोक्यावर आइसक्रीमचे डबे पालथे घालून शाळेत जायची. बिरांगीत मात्र शांतता होती, आणि त्या शांततेचा सगळा भार एका टकलावर होता. हे अर्थात कोणालाच माहीत नव्हतं, क्लेमलाही नाही. त्याला वाटायचं, हे खिम्याचं काम आहे.

सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात रेलीन राहायला आली.

रेलीन हॉस्किन्स निवृत्त नर्स. मुलगी जवळ हवी म्हणून गावात आली होती आणि शाळेसमोरच्या कोपऱ्यावरचं घर घेतलं होतं, खिडकीला पांढरा जाळीचा पडदा असलेलं. रोज साडेआठला ती नातीला घेऊन रस्ता ओलांडायची आणि ओलांडता ओलांडता क्लेमला काहीतरी ऐकवायची.

"क्लेम, एक दिवस तो फलक मला दे. मलाही काही माणसं थांबवायची आहेत."

क्लेमला यावर फार छान उत्तर सुचायचं, पण संध्याकाळी, बटाटे सोलताना.

बोलिंग क्लबाचं वसंतातलं जेवण आणि नाच येत्या शनिवारी होता. रेलीनला आपल्याबरोबर चल म्हणून विचारायचं, हे क्लेमने हिवाळ्यातच ठरवलं होतं. अडचण एकच. क्लबात टोपी चालत नाही. दारातून कोणी टोपी घालून आत आला की बारवरची घंटा वाजते आणि त्याला सगळ्यांना पाजावं लागतं. हा नियम क्लब बांधला तेव्हापासूनचा. त्यामुळे क्लेम आत शिरताना टोपी काढून थेट अंधाऱ्या कोपऱ्यात बसायचा. पण नाच काही अंधाऱ्या कोपऱ्यात होत नाही. रेलीनने हे डोकं दिव्याखाली पाहिलं की संपलं, अशी त्याची पक्की खात्री होती.

तो एन्झोकडे गेला. एन्झो गावातला एकुलता एक न्हावी, बापाकडून दुकान आणि बापाकडूनच जीभ मिळालेला. त्याने क्लेमला खुर्चीत बसवलं, डोक्याभोवती एक चक्कर मारली आणि कपाटातून मिरपुडीच्या डबीसारखी डबी काढली.

"हे काय?"

"केस."

"डबीत?"

"तुझे डोक्यावर राहीनात, म्हणून हे डबीत ठेवलेत."

"खरे आहेत का?"

"लोकरीतून काढलेले बारीक तंतू आहेत. असलेल्या केसांना चिकटून बसतात. एक केस चार केसांएवढा दिसतो."

"म्हणजे मी मेंढी दिसणार."

"मेंढीला विचारलंस तर ती नाही म्हणेल," एन्झो म्हणाला आणि चिप्सवर मीठ भुरभुरावं तशी डबी हलवू लागला. मग वरून फवारा मारला आणि आरसा पुढे धरला.

क्लेम खुर्चीत पुढे सरकला. आरशात लग्नाच्या फोटोतला माणूस बसला होता, जरा सुरकुतलेला. रंग कडक कॉफीचा होता आणि कानांवरचे केस पांढरेच, त्यामुळे मधे मध्यरात्र आणि दोन्ही बाजूंना पहाट झाल्यासारखी दिसत होती. पण केस होते. भरपूर होते.

"याला दोन शत्रू," एन्झो डबीचं झाकण लावत म्हणाला. "एक पाणी. दुसरी लाडाने डोक्यावरून हात फिरवणारी बाई. पहिल्यापासून जप. दुसरी भेटली तर आधी मला कळव, मी दुकान बंद करून बघायला येतो. आणि शनिवारी एकदम लावून जाऊ नकोस. सोमवारपासून लाव, टोपी न घालता हिंड. गावाला सवय होऊ दे."

सोमवारी सकाळी क्लेम नवे केस घेऊन झाडाखाली गेला. सवयीने वाकला. सार्जंट फांदीवर आला. त्याने मान एकीकडे वाकडी केली, दुसरीकडे केली. मग तो जो सुटला तो थेट क्लेमच्या मध्यरात्रीवर.

क्लेम ओरडत कुंपणापर्यंत पळाला. आज साहेबांचा मूड नाही, असं त्याने स्वतःला समजावलं, झाडामागे जाऊन खिशातल्या डबीने पडझडीची डागडुजी केली आणि फलक घेऊन उभा राहिला. साडेआठला रेलीन आली. तिने त्याच्या डोक्याकडे बघितलं, चांगलं रस्ताभर बघितलं.

"टोपी कुठे गेली?"

"उकडतंय," क्लेम म्हणाला. त्याच्या तोंडातून थंडीने वाफ येत होती.

"हं," रेलीन म्हणाली.

ते "हं" क्लेमने घरी नेलं, सगळ्या बाजूंनी तपासून पाहिलं आणि झोपेपर्यंत ते आपल्या बाजूचं आहे असं ठरवलं.

मंगळवारी सार्जंटने क्लेमला दोनदा गाठलं. बुधवारी तर तहच मोडला. क्लेमबरोबर चालणाऱ्यांचं संरक्षणही उठलं. पोस्टमन सायकलवरून पडला. बिरांगीच्या पोरांनी आयुष्यात पहिल्यांदा डोक्यावर आइसक्रीमचे डबे चढवले, मागच्या बाजूला मोठे डोळे रंगवले आणि त्यांना ते इतकं आवडलं की वर्गातही काढेनात. मुख्याध्यापिका डगनबाई उन्हात छत्री उघडून शाळेत आल्या आणि छत्रीला भोक पाडून घेऊन आत गेल्या.

"मिस्टर पास्को," त्या दुपारी म्हणाल्या, "मी नगरपालिकेला फोन केलाय. उद्या सकाळी माणूस येऊन पक्षी धरून नेणार."

"कुठे नेणार?"

"लांब. डोंगरापलीकडे सोडतात म्हणे."

"बाई, घरट्यात पिल्लं आहेत त्याची."

"शाळेत माझी आहेत, दोनशे," डगनबाई म्हणाल्या, आणि यावर क्लेमला संध्याकाळी बटाटे सोलतानाही उत्तर सुचलं नाही.

त्या संध्याकाळी त्याने खिमा दुप्पट घेतला. बिचाऱ्याला भूक लागली असेल, म्हणून चिडला असेल. सकाळी केस मात्र लावले, कारण आज रेलीनला विचारायचंच होतं. शनिवार तोंडावर आला होता.

नगरपालिकेचा माणूस साडेआठलाच आला, जाळी आणि पिंजरा घेऊन. आईबाप, डबेवाली पोरं, छत्रीखाली डगनबाई आणि नातीचा हात धरलेली रेलीन, सगळे पलीकडच्या फुटपाथवर थांबले. क्लेम खिम्याचा डबा उघडून झाडाखाली गेला. सार्जंटने खिम्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. एक झडप घातली, क्लेमच्या डोक्यावरून तपकिरी धुरळा उडाला आणि पक्षी तारेवर जाऊन बसला.

"बघितलंत ना," डगनबाई म्हणाल्या. तो माणूस जाळी उलगडू लागला.

क्लेम तारेकडे बघत होता. सार्जंट त्याच्याकडे बघतच नव्हता. तो झाडाच्या बुंध्याकडे बघत होता, क्लेम रोज वाकायचा त्या जागी. मग रस्त्याच्या त्या टोकाकडे बघायचा, मग ह्या टोकाकडे. कुणाची तरी वाट बघत असल्यासारखा. रोज येणारा म्हातारा चार दिवस आला नव्हता, आणि त्याच्या जागी हा कॉफीच्या रंगाच्या डोक्याचा उपरा त्याचाच डबा घेऊन घरट्याखाली घुटमळत होता.

क्लेमने खिम्याचा डबा बुंध्याशी ठेवला. त्याने जाळीकडे पाहिलं. मग फुटपाथवर पाहिलं, जिथे रेलीन उभी होती, निळा स्वेटर घालून, चांगल्या उजेडात. इतका चांगला उजेड बिरांगीत क्वचित पडला असेल.

"जरा थांब, भाऊ," तो जाळीवाल्याला म्हणाला.

शाळेच्या कुंपणाला लागून पोरांचा पाणी प्यायचा नळ होता. क्लेमने नळ पूर्ण सोडला, डोकं खाली घातलं आणि खसाखसा चोळलं. पाणी थंडगार होतं. नळाखालून कॉफी वाहू लागली, गटाराकडे निघाली, डगनबाईंच्या बुटांना वळसा घालून गेली.  क्लेमने नारिंगी जाकिटाने डोकं पुसलं. मग तो झाडाखाली गेला आणि कमरेतून वाकला. ओलं टक्कल उन्हात नव्या भांड्यासारखं चमकलं.

सार्जंट तारेवरून उठला. पोरांनी डबे घट्ट धरले. पक्षी संथपणे खाली उतरला, क्लेमच्या बुटांपाशी चालत आला, त्याने मान वाकडी करून वर बघितलं आणि एवढे दिवस कुठे होतास अशा थाटात खिमा खाऊ लागला.

"हा?" जाळीवाला म्हणाला. "हा तर कोंबडीपेक्षा गरीब आहे. मला उगाच बोलावलंत, बाई."

डगनबाईंनी छत्री मिटली. तेवढ्यात एका डब्याखालून आवाज आला, "मिस्टर क्लेम, तुमचे केस कुठे गेले?"

"नळात," क्लेम म्हणाला.

"परत येणार?"

"नाही. त्यांची बदली झाली."

आईबाप हसले, पोरं हसली, नळाशी जाऊन केस सापडतात का बघू लागली. क्लेमने फलक उचलला आणि रस्ता थांबवला. दुसरं काय करणार? रेलीन ओलांडायला आली. तिच्याकडे बघण्याऐवजी तो फलकाकडे असा बघत राहिला, जणू त्यावर नवीन काही लिहिलंय.

"सुटले बाबा," रेलीन म्हणाली. "मला वाटलं होतं, शनिवारपर्यंत असाच छळणार."

"कोण, सार्जंट?"

"तू. ते डोक्यावर घेऊन."

"तुला कळलं होतं?"

"क्लेम, माझी खिडकी समोर आहे."

"पडदा बंद असतो," क्लेम म्हणाला. सकाळी आठला ती झोपलेली असते या भरवशावर तर तो इतके महिने डोकं उघडं करत होता.

"जाळीच्या पडद्यातून आतून सगळं दिसतं. तू कधी आतून बघितलं नाहीस एवढंच. मी रोज नातीची लापशी ढवळत असते आणि समोर एक बाप्या झाडाला टोपी काढून नमस्कार करत असतो. पहिल्या दिवशी वाटलं, डॉक्टरला बोलवावं. मग पक्षी उतरला." तिने नातीचा हात दुसऱ्या हातात घेतला. "सोमवारपासून माझी लापशी करपतेय. त्याला तू ओळखू येत नव्हतास, आणि मला वाटायला लागलं, तुझ्याबद्दल आपलाच काही गैरसमज झाला होता."

मागे लाकडाचा ट्रक भोंगा वाजवू लागला. क्लेमने हात वर केला. भोंगा थांबला.

"शनिवारी," तो म्हणाला, "क्लबात जेवण आहे. नाच आहे. टोपी घालून चालत नाही."

"मग नको घालूस," रेलीन म्हणाली आणि नातीला घेऊन पलीकडे गेली.

शनिवारी क्लबात घंटा वाजलीच. क्लेम टोपी हातात घेऊन शिरला होता. पण दारातच रेलीनने ती काढून घेतली आणि स्वतःच्या डोक्यावर चढवली. सगळ्यांना पाजण्याची पाळी तिची आली आणि तिने हौसेने पाजलं. तीन नाच झाल्यावर तिने घामेजलेल्या क्लेमच्या टाळूवरून रुमालासकट हात फिरवला, तेव्हा कोपऱ्यातल्या टेबलावरून एन्झो उभा राहिला आणि त्याने टाळ्या वाजवल्या. का ते फक्त क्लेमला कळलं.

सोमवारी सकाळी आठला क्लेम झाडाखाली गेला. टोपी काढली, वाकला. सार्जंटने तपासणी केली, परवानगी दिली, खिम्याला लागला. क्लेम टोपी घालणार तेवढ्यात त्याचं लक्ष समोर गेलं. जाळीचा पडदा पार बाजूला सारला होता आणि खिडकीत रेलीन लापशी ढवळत उभी होती.

त्याने टोपी हातातच ठेवली आणि खिडकीकडे तोंड करून पुन्हा एकदा वाकला.