भाऊजींचं घड्याळ

माझ्या भाऊजींइतकं चौकस गिऱ्हाईक सीताबर्डीच्या बाजारानं तेव्हाही पाहिलं नव्हतं आणि पुढेही पाहिलं नसेल. ते माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, जमीन मोजणीच्या कचेरीत कारकून. लोक वस्तू विकत घेतात. भाऊजी सोयरीक जुळवावी तशी वस्तूची चौकशी करत. छत्री घ्यायची तर ती दुकानातच उघडून समोरच्या सार्वजनिक नळाखाली धरत आणि स्वतः तिच्याखाली उकिडवे बसत. कुलूप घ्यायला गेले तेव्हा किल्ल्या बनवणाऱ्या माणसाला सोबत घेऊन गेले आणि दुकानदारासमोर त्याला ते उघडायला लावलं. अर्धा तास खटपट करून त्यानं हात टेकले, तेव्हा भाऊजींनी कुलूप घेतलं, आणि त्या माणसाला मेहनतीचा चहाही पाजला. त्यांच्या घरात कोणतीच वस्तू मोडत नसे. त्याचं त्यांना मोठं समाधान होतं, आणि आम्हाला मात्र त्यांच्यासोबत बाजारात जायची धास्ती वाटे.

पण मी सांगतो आहे ते घड्याळाबद्दल. साल पंच्याहत्तर असेल किंवा शहात्तर. त्यांची एकुलती मुलगी कुंदा कॉलेजात होती. ती एन.सी.सी.त होती आणि हिमालयातल्या गिर्यारोहणाच्या शिबिरासाठी तिची निवड झाली. पत्रासोबत दोन कागद आले. एकावर वडिलांची संमतीची सही हवी होती आणि ती महिन्याभरात पाठवायची होती. दुसऱ्यावर सोबत आणायच्या सामानाची यादी होती. त्यात शेवटी लिहिलं होतं, मजबूत व पाणी न शिरणारे मनगटी घड्याळ, असल्यास. भाऊजींनी यादी दोनदा वाचली, संमतीचा कागद घडी करून कपाटात ठेवला आणि म्हणाले, "आधी घड्याळ. मग सही."

ताई म्हणाली, "आणून टाका नं मग एखादं."

"एखादं नाही चालत," भाऊजी म्हणाले. "डोंगरावर बंद पडलं तं तिथं कोण दुरुस्त करून देईन?"

दुसऱ्या दिवसापासून शोध सुरू झाला. कचेरी सुटली की मी आणि ते सायकली काढायचो. परदेशी घड्याळं त्यांच्या पगाराच्या पलीकडची होती, म्हणून देशी, साधं आणि दणकट असं काहीतरी हवं होतं. दुकानात जाण्याआधी त्यांनी वापरणाऱ्यांच्या साक्षी गोळा केल्या. ज्याचा हात पाण्यात जातो आणि ज्याच्या मनगटावर घड्याळ आहे, असा कोणीही दिसला की भाऊजी सायकलवरून उतरत. धंतोलीत एका दवाखान्याबाहेर नळ दुरुस्त करणारा बसला होता. त्याला त्यांनी विचारलं, "हे घालूनच नळात हात घालता काय?" त्यानं वर पाहून विचारलं, "तुमच्या घरी नळ बिघडला का घड्याळ?" रामटेकला दर्शनाला गेलो, तर देवळाच्या पायऱ्यांवरही भाऊजी देवाआधी लोकांची मनगटं पाहत होते. सगळं एका वहीत उतरवून घेत. वहीतून एवढं निघालं की मागचं झाकण दाबून बसवलेलं नको, फिरवून घट्ट होणारं हवं. आत रबराची कडी हवी. आणि पट्टा चामड्याचा नको, तो भिजून कुजतो.

शेवटी आम्ही सीताबर्डीच्या एका गल्लीतल्या म्हाताऱ्या घड्याळजींकडे पोचलो. शांत माणूस. डोळ्यावरचं भिंग न काढता ते भाऊजींचं सगळं ऐकून घ्यायचे आणि एकेक घड्याळ समोर ठेवायचे. एकाची चावी सैल निघाली, दुसऱ्याचे काटे बारीक. तिसरं भाऊजींना फरशीवर पाडून पाहायचं होतं. घड्याळजी म्हणाले, "पाडा. पण अगोदर विकत घ्या." असे तीन आठवडे गेले. घरी कुंदा काही बोलत नव्हती, पण पहाटे धावायला जाणं तिनं सोडलं नव्हतं. एकदा जेवताना ती हळूच म्हणाली, "बाबा, यादीत 'असल्यास' लिहिलं आहे."

"वाचलं मी," भाऊजी म्हणाले आणि भात कालवत राहिले.

कागद पाठवायला चार दिवस उरले, तेव्हा घड्याळजींनी निरोप पाठवला. स्टीलचं, काळ्या तबकडीचं, अंधारात चमकणाऱ्या आकड्यांचं घड्याळ आलं होतं. किंमत झेपणारी होती. भाऊजींनी कचेरीतून रजा घेतली. सकाळी दहा वाजता घड्याळजींनी पाण्यानं भरलेल्या काचेच्या पेल्यात ते सोडलं आणि भाऊजी त्या पेल्यासमोर स्टुलावर बसले. दुपारी मी डबा घेऊन गेलो, तर ते आजाऱ्याच्या उशाशी बसावं तसे बसले होते. संध्याकाळी सहाला घड्याळ बाहेर काढलं. काचेच्या आत बाष्पाचा टिपूसही नव्हता. भाऊजींनी ते धोतराच्या सोग्यानं पुसलं, कानाला लावलं, बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, "टिकटिक जराशी मोठी वाटून राहिली."

घड्याळजींनी पहिल्यांदाच भिंग काढून बाजूला ठेवलं. "भाऊ, घड्याळात काही खोट नाही. तुमच्या मनात काय आहे ते सांगा."

भाऊजी माझ्याकडे न पाहता मला म्हणाले, "तिथं दरी राहते म्हणतेत. खाली पाहिलं तं तळ दिसत नाही म्हणतेत. घड्याळाले पाण्यात बुडवून पाहता येते गा. पोरीले कसं पाहू?"

तीन आठवडे मी त्यांच्या मागं सायकल हाणत होतो आणि मनातल्या मनात हसत होतो. त्या क्षणी मला माझीच लाज वाटली. घड्याळजींनी नायलॉनचा पट्टा बसवला, घड्याळ कागदात गुंडाळून भाऊजींच्या हातात दिलं आणि म्हणाले, "रोज सकाळी एकाच वेळी चावी द्यायले सांगा पोरीले."

घरी जाताना भाऊजी सायकलवर बसलेच नाहीत, ती हातात धरून चालत राहिले. दारातून आत गेले, कपाटातून कागद काढला आणि पाटावर ठेवून सही केली. कुंदा समोर उभी होती. तिच्या मनगटावर त्यांनीच घड्याळ बांधलं. पट्ट्याचं शेवटचं भोकही सैल होत होतं, म्हणून दाभणानं आणखी एक पाडलं.

कुंदा गेली. महिनाभर भाऊजी कचेरीतून सरळ घरी येत आणि पोस्टमनची वाट पाहत. ती परतली तेव्हा काळवंडलेली, नाकाची सालटं निघालेली, पण धडधाकट होती. घड्याळही चालू होतं. त्यानंतर कित्येक वर्षं भाऊजी भेटेल त्याला सांगत, की हे घड्याळ बर्फाच्या पाण्यात राहून आलं आहे, आत थेंब गेला नाही. घड्याळजींना तर त्यांनी दुकानात जाऊन पेढे दिले.

भाऊजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. ते गेल्यानंतर एकदा कुंदाकडे बसलो होतो तेव्हा घड्याळाचा विषय निघाला. ती म्हणाली, "मामा, ते पाण्यात गेलंच नव्हतं. नदी ओलांडायची वेळ आली की मी काढून लोकरीच्या मोज्यात गुंडाळून ठेवायची. बाबांनी इतकं पारखून घेतलेलं. बिघडलं असतं तं त्यांना काय सांगितलं असतं?"

"आणि हे त्यांना कधी सांगितलंच नाहीस?"

"आली त्याच दिवशी सांगितलं," ती म्हणाली. "बाबा हसले. म्हणाले, चांगलं केलं. पण घड्याळजीले नको सांगू. त्यानं दिवसभर जीव टाकला होता त्या पेल्यात."

ती चहा टाकायला उठली. दिवसभर जीव टाकून त्या पेल्यासमोर कोण बसलं होतं, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं.