पट्टीनं मागितलं नाही

पट्टी माझी विद्यार्थिनी. नजरेत भरली ती आठवीत, वक्तृत्व स्पर्धेच्या दिवशी. व्यासपीठावर चढली आणि भाषणाऐवजी म्हणाली, "बाई, परीक्षक माझे मामा आहेत. मी बोलणार नाही."

मामा खालून ओरडले, "अगं, मी तुला शेवटचा नंबर देणार होतो!"

सगळे हसले. ती मात्र खाली उतरली. मुली तिला सरळपणावरून पट्टी म्हणतच होत्या. त्या दिवसापासून घरचेही म्हणू लागले.

हे वळण वडिलांचं. ते एका दवाखान्यात कंपाउंडर. सख्ख्या बहिणीलाही नंबर मोडून आत सोडत नसत. वशिला हा शब्द त्या घरात शिवीसारखा.

पट्टीला गुंतवणूक बँकेत जायचं होतं. एक कंपनी दुसरीला विकत घेते तेव्हा तिची किंमत कशी ठरते, याचं तिला वेड. त्यासाठी ती परदेशी शिकायला गेली. तिथं बँका आधी इंटर्नशिपला मुलं घेतात आणि त्यांतलीच पुढे कायम करतात. ती निवड हुकली की संपलं. परदेशी मुलांच्या तिथं नोकरी करण्याच्या परवान्याची खटपटही बँकेलाच करावी लागते, म्हणून त्यांना फार थोड्या जागा.

पट्टी संगणकावरून अर्ज करत राहिली. नकार येत राहिले. रविवारी माझ्याशी फोनवर बोलताना नुसती धुमसायची.

"बाई, माझ्यापेक्षा कमी मार्कांची मुलं लागली!"

तिच्या खोलीत आपल्याकडचीच एक मुलगी राहायची. ती बँकेतल्या लोकांना पत्रं लिहून कॉफीला भेटायची. मग ते तिचं नाव पुढे करायचे.

"हा वशिलाच की," पट्टी तिला म्हणाली.

"वशिला कसला, बाई माझे! इथं ओळख करून घ्यावीच लागते. घरात बसून आरती ओवाळणार आहेत का तुला?"

शेवटी पट्टी नमली. त्याच मुलीनं एका बँकवाल्याशी गाठ घालून दिली. पट्टीनं त्याच्या कामाबद्दल इतके नेमके प्रश्न विचारले, की तो खूश झाला. दोनदा म्हणाला, "आणखी काही?" पट्टी म्हणाली, "नाही, तुमचा फार वेळ घेतला." उपकार नकोत म्हणून कॉफीचे पैसेही हट्टानं तिनंच दिले.

तो नंतर त्या मुलीला म्हणाला, "हुशार आहे. पण तिला आमच्याकडे यायचंय असं वाटलं नाही. काही मागितलंच नाही तिनं."

हे कळताच पट्टीनं घाईघाईनं त्याला पत्र लिहिलं. निवड उरकली होती.

तिनं घरी फोन लावला, तर कंपाउंडर म्हणाले, "अगं, एवढा विचारत होता, तर सांगायचंस की, माझं नाव घाला म्हणून!"

"बाबा, हे तुम्ही आत्ता सांगताय?" म्हणून तिनं फोन आपटला.

मला तिचा राग आला, त्या रीतीचा आला, कंपाउंडरांचाही आला. पण कोणाला बोलणार?

पट्टी अजून त्याच शहरात आहे. एका शीतगृह कंपनीच्या हिशेब विभागात गोठवलेल्या मालाची बिलं तपासते. काम कसं आहे विचारलं की म्हणते, "वैताग." ती जागा तिला जाहिरात वाचून मिळाली.