सावली आखणारे सलीमभाई

सलीमभाईंना मी पहिल्यांदा पाहिले ते माझ्याच गच्चीवर, हातात खडू घेऊन बसलेले. बोलावले होते सोलर पॅनेल बसवायला. अमरावतीच्या उन्हाळ्यात दोन कूलरांचे बिल माझ्या शिक्षकी पेन्शनला झेपेना. गच्चीवर सावली धरणारा कडुनिंब तोडायला मी माणूसही ठरवला होता. निंब आमच्या ह्यांनी लावलेला. ते गेल्यावर अंगणात त्यांचे म्हणून तेवढेच उरले होते. मन घट्ट केले होते, झाले.

सलीमभाईंची रीत अशी, की भाव सांगण्याआधी ते दिवसभर गिऱ्हाइकाच्या गच्चीवर बसतात आणि तासातासाला सावलीची कड खडूने आखतात. मला चीडच आली. हा माणूस धंदा करायला आलाय की ऊन खायला? पण दुपार कलली तशी मीही पायरीवर टेकले. सावली इतकी हळू सरकत होती, की बघता बघता चहाचेही भान राहिले नाही. कित्येक महिन्यांनी मी अशी नुसती बसले होते.

उन्हे उतरल्यावर ते म्हणाले, "बाई, या उघड्या कोपऱ्यात तीनच पॅनेल बसतात, आज त्यात तुमचं भागत नाही. थांबा. पॅनेल सालोसाल सस्तं होऊन राहिलं, वीजही जास्त देऊन राहिलं. झाड तोडलं, तं ते कितीत परत येईन?"

आणि चालते झाले. आलेले गिऱ्हाईक असे सोडणारा कारागीर मी दुसरा पाहिला नाही. त्यांच्या गावी, बार्शीटाकळीला, फार पूर्वी स्वतःच्या घरावर बसवलेले पहिले पॅनेल त्यांना मोटारसायकलीच्या भावात पडले होते. गाव हसले. आम्ही वेड्यांनी महाग घेतले म्हणून शहाण्यांना स्वस्त मिळते, एवढेच ते म्हणत.

पाच वर्षांनी ते न बोलावता आले. त्याच कोपऱ्यात तीन पॅनेल बसवली. पैसे पाच वर्षांपूर्वीच्या भावाच्या निम्मे लागले आणि दोन्ही कूलर चालले. त्या दिवशी निंबाखाली मी रडले, हे इथे सांगायला लाज वाटत नाही.

सलीमभाई, आज तुम्हाला पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली. उदंड जगा, ठणठणीत राहा. यात माझा स्वार्थ आहे. निंब वाढतोच आहे आणि यंदाच्या थंडीत त्याची सावली पॅनेलच्या कडेला टेकली. कोणती फांदी छाटायची, हे मी तुमच्याशिवाय कोणाला विचारू? गुडघे सांभाळा. जिना मी झाडून ठेवते, खडूही आणून ठेवला आहे.