झोहरेचा दुसरा मोजा

आमच्या डोंगरातल्या गावात कुणाचं घर कसं चाललंय ते उंबऱ्यातच कळतं. जोडे बाहेर निघाले की माणूस मोज्यांवर येतो, आणि मोज्याला लपवाछपवी जमत नाही. टाच विरली असेल तर बायको माहेरी गेलीय समजावं. अंगठा बाहेर आला असेल तर ती परत यायचं नाव घेत नाही. मी म्हातारी झाले, तरी आल्यागेल्याच्या तोंडाआधी पायांकडेच बघते. माझी शेजारीण झोहरेही बघते. फक्त अलीकडे ती पायांवरून नजर वर उचलत नाही. का, तेच सांगते.

आमच्या दोन घरांत एक बुटकी भिंत आणि एक तुतीचं झाड, एवढंच. मी वयानं थोरली, म्हणून ती मला हुस्ने आब्ला, म्हणजे हुस्नेताई, म्हणते. तिचा नवरा दुर्सुन वारला. मूलबाळ झालं नाही. भाऊ पलीकडच्या आळीत, तो गव्हाचं पोतं पाठवतो, दुर्सुनची पेन्शन येते, म्हणजे पोटासाठी सुया हातात घ्यायची तिला कधी गरज पडली नाही. विणायची ती निव्वळ हौसेनं. पाच सुया, धागा मानेवरून घेतलेला, सुरुवात बोटांकडून, आणि टाच सगळ्यात शेवटी. आमच्याकडे टाचेची जागा दुसऱ्या धाग्यानं राखून ठेवतात आणि मोजा पुरा झाला की तिथे टाच बसवतात. पुढे झिजली तर तेवढीच उसवता येते.

तिचा पहिला मोजा म्हणजे दृष्ट काढावी असा. दुसरा मात्र कुणी पाहिलेला नाही. पहिला पुरा व्हायच्या आतच तिच्या नजरेला नवी लोकर पडलेली असायची. मग भिंतीवर कोपर टेकून बेत सुरू. "आब्ला, ही करडी आहे ना, हिचे इमामाच्या बायकोला करते. अक्रोडाच्या सालीत रंगवलीय ती तुला. आणि ती पिवळी..."

"मागच्या हिवाळ्यात मला एक उजवा दिला होतास," मी म्हणायची. "त्याचा भाऊ कुठाय?"

"येतोय गं. वाटेत आहे."

तिच्या टोपलीत असे एकेकटे मोजे साठले होते, लग्नं न जमलेल्या पोरांसारखे. गावातले टवाळ म्हणत, एखादा लंगडा आला तर झोहरेच्या घरी त्याची चैन आहे. तिला नावच पडलं, एकपायी झोहरे. ती हसायची. तोवर तिला त्याचं काही वाटत नव्हतं.

त्या टोपलीच्या तळाशी, मलमलीत गुंडाळलेला, एक मोजा मात्र हसण्यावारी न्यायचा नव्हता. तो दुर्सुनचा. दुर्सुन इस्पितळात होता तेव्हा ही खाटेशेजारी बसून विणायची. लाल जमीन, त्यावर मेंढ्याची शिंगं, आणि वरच्या काठाला एकच निळा टाका. तो निळा टाका ती फक्त नवऱ्याच्या मोज्याला घालायची, नजर लागू नये म्हणून. एक मोजा झाला आणि दुर्सुन गेला. माणूस गेला की त्याच्या अर्ध्या राहिलेल्या जोडीला आम्ही सुई लावत नाही, आणि तो मोजा जित्या माणसाच्या पायातही चढवत नाही. मेलेला जोडी शोधत येतो म्हणतात. येतो की नाही ते मला माहीत नाही, पण मीसुद्धा चढवणार नाही.

झोहरेच्या भावाची मुलगी चीदेम. आई शेतावर गेली की आत्याच्या मांडीवर, अशी ती वाढली. तिचं लग्न खालच्या गावच्या सेलामीशी ठरलं. मुलीकडून नवऱ्याच्या घरी बोचकं जातं. त्यात सदरा असतो, पंचा असतो, आणि मुलीच्या रक्ताच्या बाईनं हातानं विणलेले मोजे असतात. ते नसले तर सासरचे म्हणतात, त्या घरात बायकांना हात नाहीत का? आणि ते मुलीला जन्मभर ऐकावं लागतं.

"मोजे माझी बहीण विणील," चीदेमची आई पकिझे म्हणाली. "नाहीतर बाजारातून आणू."

"आत्या विणणार," चीदेम म्हणाली. "दुर्सुनकाकांच्या मोज्यावर होती तशा शिंगांचे."

"मग नवऱ्याला एका पायावर उभा कर. बगळा दिसेल."

"आई, ती माझ्यासाठी दोन विणेल. बघशील तू."

झोहरेनं भाकरीवर हात ठेवून शपथ घेतली. आमच्याकडे भाकरीची शपथ मोडणाऱ्याला भाकरीच मारते.

लाल रंगासाठी आम्ही दोघींनी मंजिष्ठेची मुळं खणली आणि माझ्या अंगणात तांब्याच्या हंड्यात लोकर उकळली. हा लाल हट्टी असतो. तोच डोंगर, तेच मूळ, तोच हंडा, तरी पुढच्या खेपेला वेगळाच येतो. म्हणून जोडीची लोकर एकदमच रंगवतात. आम्ही तशीच रंगवली, वर मूठभर जास्त.

पहिला मोजा असा उतरला की आख्खी आळी बघायला आली. पकिझेही आली आणि काही बोलली नाही. तिच्या तोंडून न बोलणं म्हणजे शाबासकी. झोहरे दोन दिवस हवेत होती. आणि मग तिनं तो उरलेला लाल गुंडा कोकराच्या पांढऱ्या लोकरीशेजारी ठेवला.

"आब्ला, डाळिंबं दिसतात की नाही यात?"

"मला सेलामीचा डावा पाय दिसतो," मी म्हणाले.

"नुसतं बघते गं. चार ओळी."

चार ओळींचा पंजा झाला, पंज्याचं पाऊल झालं. स्वतःसाठी ती असं काही पहिल्यांदाच विणत होती, म्हणून मीही फार बोलले नाही. लाल संपला तर वसंतात परत रंगवू, छटेला छटा जुळवू, असा तिचा हिशेब. बोचकं जायचं होतं उन्हाळ्यात. पण सेलामी कायसेरीला फर्निचरच्या कारखान्यात कामाला, त्याची सुटी अलीकडे आली आणि तिच्याबरोबर सगळंच अलीकडे आलं. जमिनीवर अजून बर्फ. मुळं खणायची कशी? सेलामीच्या डाव्या मोज्याची नुसती बोटं झाली होती, हे मला मागाहून कळलं.

तेव्हा चीदेम धावत आली. "आत्या, बोचकं परवा जायचंय म्हणे. झाला ना गं?"

मी झोहरेच्या शेगडीशी वाळलेली तुती निवडत होते. झोहरेनं माझ्याकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं. नाही म्हणायला तोंड उघडलं असावं.

"झाला," ती म्हणाली.

मला वाटलं, टाच तेवढी राहिली असेल, रात्रीत बसवील. पोरीनं तिच्या गालाचा मुका घेतला आणि आईला सांगायला पळत गेली.

जोडीचे काठ एकमेकांना टाका घालून शिवून देतात, नवऱ्यानं तो कापायचा. झोहरेनं मोजे शिवून, घडी घालून, रुमालात बांधूनच पकिझेच्या हातात दिले. घडी कुणी उलगडली नाही. शुभाची घडी वाटेत उलगडत नाहीत.

सेलामीच्या घरी आम्ही बायका भिंतीला टेकून बसलो. मुलीनं यायचं नसतं, म्हणून चीदेम घरी. सेलामीची आजी हनिफे मध्ये बसली. माझ्याहून म्हातारी, दात नाहीत, पण बोलणं चावरं. तिनं बोचकं सोडलं. सदरा बघितला, पंचा गालाला लावला, आणि मोजे हातात घेतले.

"हे कुणाच्या हातचे?"

"माझ्या नणंदेच्या," पकिझे म्हणाली. नणंदेचं नाव तिनं असं मान ताठ करून घेतलेलं मी आजवर ऐकलं नव्हतं.

"एकपायी झोहरे ती हीच का? नाव आमच्यापर्यंत आलंय हो." बायका हसल्या. हनिफेनं काठ चाचपले. "पण आज तर दोन दिसतायत. सेलामी, ये इकडे. घाल बघू. आमच्या हयातीत झोहरेची जोडी पायात गेलेली बघू दे."

असं कुणी करत नाही. मोजे लग्नाच्या दिवशी घालतात. पण हनिफेला कोण अडवणार? सेलामीनं टाका कापला, मोजे चढवले आणि थोरल्यांचे हात चुंबत, कपाळाला लावत निघाला. आत, जाजमावर, दोन्ही लाल एकच दिसत होते. झोहरे बसली होती दाराशी, बर्फाच्या उजेडात. तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला, आणि मला दिसलं. उजवा मोजा विटेसारखा लाल, डावा वाळलेल्या चेरीसारखा. आणि डाव्याच्या काठाला एक निळा टाका.

मी झोहरेकडे पाहिलं. तिचं तोंड ताकासारखं झालं होतं.

तो वाकला. तिनं हात बाहीत ओढून घेतला.

"हात द्या ना, आत्याबाई."

"पोरा," ती म्हणाली, "आधी डावा काढ."

"टोचत नाही. छान आहे की."

"काढ म्हणते. तो माझ्या दुर्सुनचा आहे."

सेलामी एका पायावर उभा राहून मोजा ओढायला लागला, तोल जाऊन त्यानं भिंत धरली. पकिझेनं म्हटलं होतं तसाच, बगळा. हसलं कुणीच नाही.

"दुर्सुन म्हणजे वारला तो?" हनिफेनं विचारलं.

"हो."

"त्याच्या पायातला?"

"त्याच्या पायात गेलाच नाही. झाला तेव्हा पाय सुजले होते."

"आणि आमच्या पोराचा डावा कुठाय?"

"झालाच नाही. लाल मी माझ्यासाठी वापरला."

तिनं एवढंच सांगितलं. सुटीवर ढकललं नाही, बर्फावर ढकललं नाही. पकिझे भिंतीकडे बघत म्हणाली, "मी बाजारातून आणणार होते. पोरीनं घरात भांडण करून मला आणू दिले नाहीत."

हनिफेनं उजवा मोजा नातवाकडून मागून घेतला आणि उशीखाली सारला. "हा इथे राहील. मुलगी न्यायला येऊ तेव्हा डावा तयार ठेवा, नाहीतर आमचा नवरदेव एका पायानं वरातीला येईल आणि विचारणाऱ्याला कारण सांगेल."

परतताना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पकिझे पाठ करून बसली. झोहरेनं दुर्सुनचा मोजा पदराआड छातीशी धरला होता. मीच बोलले, थंडी फार आहे वगैरे.

खरं पुढेच होतं. चीदेम झोहरेच्या दारात उभी होती. तिला आधीच फोन आला होता.

"नाही झाला म्हणाली असतीस ना, आत्या," ती हळू म्हणाली, "मी काहीतरी सांगून दिवस पुढे ढकलला असता. मी आईला छाती ठोकून सांगत होते."

झोहरे जोडे काढत होती. जोडे निघाले तरी ती वाकलेलीच राहिली. पोरगी निघून गेली, तरी वाकलेलीच.

दुसऱ्या दिवशी तिनं डाळिंबाचा मोजा उसवला. पांढरं एकीकडे, लाल एकीकडे. उसवलेला धागा कुरळा होतो, म्हणून भिजवून, टोकाला दगड बांधून तुतीला टांगला. त्या दिवसांत मी मुद्दाम एक सुंदर निळा गुंडा भिंतीवर नेऊन ठेवला, निदान बेत तरी करील म्हणून. तिनं तोंड फिरवलं.

डावा पुरा झाला. लग्नाच्या सकाळी तो तिनं माझ्या हातात दिला. "तूच दे, आब्ला. माझ्यानं त्यांच्यासमोर उभं राहवणार नाही."

मी हनिफेला दिला. तिनं उशीखालचा उजवा बरोबर आणला होता. दोन्ही खिडकीत धरून बघितले, उलटेसुलटे केले, काठ चाचपला. "जुळतात," म्हणाली. एवढंच.

झोहरे लग्नात चुलीपाशी बसून राहिली, दलिया ढवळत. सेलामी तिला शोधत तिथे आला, हात चुंबून म्हणाला, "दोन्ही जित्या माणसाचेच ना, आत्याबाई?" थट्टाच होती, वाईट नव्हती. तिनं नुसती मान हलवली. तिला त्याचे पाय तेवढे दिसले. नवरदेवाचं तोंड कसं दिसत होतं ते तिला विचाराल, तर सांगता येणार नाही.

आता चीदेमला दिवस गेलेत. मागच्या आठवड्यात खालच्या गावाच्या मिनीबसवाल्यानं चौकात गाडी थांबवून, काच खाली करून, हनिफेचा निरोप दिला. "झोहरेमावशीला सांगा, बाळासाठी मोजे पाहिजेत. दोन. आणि दोन्ही बाळाचेच." चौकातले सगळे हसले. झोहरे पाणी भरत होती. घागर तिथेच ठेवून ती घरी निघून आली, मग मी ती भरून आणली.

पकिझे अजून तिच्याशी बोलत नाही. पण परवा सकाळी आमच्या भिंतीवर कोकराच्या लोकरीचा एक गुंडा ठेवलेला होता. झोहरेनं हातात तोलून पाहिला. दोन इवल्या मोज्यांपुरता, वर वीतभरही धागा नाही.

हल्ली ती दोन्ही मोजे बरोबरच विणते. सुयांचे दोन संच, एक ओळ याची, एक ओळ त्याची. एकही पुढे जायला नको. काल ती उन्हात बसली होती, दोन्हींची बोटं झाली होती. मी भिंतीशी गेले. तिनं गुंडा उचलून उजेडात धरला.

"आब्ला, कांद्याच्या सालीत किंचित बुडवला तर काय पिवळा येईल नाही, आणि मग उरलेल्याचा..."

"झोहरे."

"नाही, नाही," ती म्हणाली, आणि मान खाली घालून पुढची ओळ विणायला लागली.