ओळखीत घर विकताना दिलेली किल्ली

मंडळी, आत्ताच परत आलेय, लगेच लिहितेय.

शिरोड्याचं आमचं घर विकायचं ठरलं, तेव्हा एजंट नको म्हटलं. घेणारा बाळादादा हा माझ्या भावाचा शाळेपासूनचा मित्र. त्याने साफसफाईसाठी किल्ली मागितली, मी दिली. करार अजून झालेला नाही.

आज बाबांचा फोटो आणायला गेले, तर दाराला नवं कुलूप. मागच्या दारातून एक अनोळखी माणूस बाहेर आला. "कोण होया तुमका?"

"हे घर माझं आहे."

तो हसला. "मालक बाळाशेट. आमका भाड्यान दिल्यानी."

मी तिथूनच बाळादादाला फोन लावला. तो अगदी गोड आवाजात म्हणाला, "येवचा झाला तर आधी कळवत जा गो. लोक रवतत थंय."

माझ्याच घरी!

शेजारच्या मारियाकाकीने कुंपणाशी बोलावून हळूच सांगितलं, "विजेच्या मीटरावरचा नाव बदलूक माणूस इल्लो गो. मी काय बोलूक नाय."

फोटो न घेताच परतले. भावाला सगळं सांगितलं, तर तो म्हणतो, "बाळा तसो नाय." उद्या मी एकटीच वकिलांकडे जातेय.

खरं सांगा, तुम्ही तरी घरच्यासारख्या माणसाकडे आधी कागद मागितला असता का?